बटईचं शिंगरू

मैनाबाईनं सकाळच्या चहात साखर टाकली नाही, आणि खुशालरावांनी तो चहा एक शब्द न बोलता पिऊन टाकला. यावरूनच ओळखा घरात काय चाललं होतं ते. एरवी चहा जरासा फिक्का झाला तर हा माणूस कप ओसरीवर तसाच ठेवून "हे काय वासराले पाजाचं हाये काय?" असं विचारणारा.

कारण एवढंच, की शिंगराचे दात पडले होते.

शिंगरू आता काही शिंगरू राहिलं नव्हतं म्हणा. अडीच वर्षांचा चांगला उंचपुरा घोडा झाला होता. तांबूस अंग, चारी पाय गुडघ्याखाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. अशा घोड्याला पंचकल्याणी म्हणतात, आणि तो ज्याच्या दारात उभा असतो त्याला लोक जरा जास्तच वाकून रामराम करतात. मूर्तिजापूरहून येणारी एसटी फाट्यावर थांबली की खिडकीतली माणसं माना वळवून त्याच्याकडे बघायची. पण मैनाबाईच्या तोंडी तो शिंगरूच होता, आणि घोडा म्हटलं की तिला राग यायचा.

तो तिचा होता का? अर्धा होता. सगळी भानगड तिथंच होती.

बटई काय असते ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. आपलं जनावर दुसऱ्याच्या दावणीला द्यायचं. चारापाणी, दुखणंखुपणं त्यानं बघायचं, आणि जे पिल्लू होईल ते दोघांचं, अर्धं अर्धं. शेळीची बटई असते, गाईची असते. घोडीची बटई त्या गावानं कधी ऐकली नव्हती, पण रीत तीच लावली. पिलाचे दुधाचे पहिले दात पडून पक्के आले की बटई तोडायची. तोडायची कशी, तर ज्यानं पाळलं त्यानं चार माणसांत जनावराच्या पाठीवर हात ठेवून भाव बोलायचा. एकदाच बोलायचा, फिरवायचा नाही. मग ज्याचं मूळ जनावर होतं त्यानं ठरवायचं, अर्धे पैसे मोजून पिल्लू उचलायचं, की अर्धे पैसे घेऊन ते पाळणाऱ्याकडेच सोडायचं.

किती सोपी रीत, आणि माणसाला कसं कात्रीत धरते बघा. जास्त बोललं तर समोरचा म्हणतो, बरं, ठेव तुझ्याकडे आणि आण माझे अर्धे. कमी बोललं तर म्हणतो, हे घे तुझे अर्धे, मी चाललो घेऊन.

मूळ घोडी अमरावतीच्या कमलाकांत वकिलांची. वकिलांनी खुशालरावांची धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, केस लढवली होती, आणि जिंकूनही फी घेताना त्यांनाच लाज वाटली होती, असा माणूस. साठी उलटल्यावर त्यांना घोड्याचा नाद लागला. सकाळी घोडीवर बसून वडाळी तलावाकडे जायचे आणि परत येताना कोर्टातल्या लोकांना मुद्दाम रस्त्यात गाठायचे. एक दिवस तसेच फिरून आले, घोडी बांधली, आरामखुर्चीत बसले आणि बसल्या जागी गेले. घोडी तेव्हा गाभण होती. तेराव्यानंतर वकिलीणबाईंचा, चारुशीलाबाईंचा, खुशालरावांना फोन आला की घोडी घेऊन जा, बटईनं घ्या, कशीही घ्या, पण आजच्या आज न्या.

घोडी आली, व्याली आणि तिसऱ्या आठवड्यात पोटशूळ होऊन मेली. मागं राहिलं ते काड्यांसारख्या पायांचं शिंगरू. डॉक्टर म्हणाला, जगणं कठीण आहे. मैनाबाई त्याला काही बोलली नाही, पण तो फटफटीवर बसून गेल्यावर जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिनं दोन बकऱ्या लावल्या, कोल्ड्रिंकच्या बाटलीला बाळाच्या दुधाच्या बाटलीचं रबरी बोंड बसवलं, आणि गोठ्यातच खाट टाकली. शिंगरू जगलं. नुसतं जगलं नाही, तर लाडावलं. चुलीपर्यंत मागं मागं यायचं, भाकरीच्या टोपल्यात तोंड घालायचं, आणि शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांवर हिरवं गवत माजलं की मैनाबाईच्या पुढं पुढं तिकडं पळायचं आणि वळून बघायचं, आली का म्हणून. दुसरं कोणी ओढायला गेलं की चारी पाय रोवून उभं राहायचं. त्याला लगाम माहीत नव्हता, खोगीर माहीत नव्हतं. त्याला मैनाबाई माहीत होती.

मुलगा अमोल पुण्याला. तो फोनवर म्हणायचा, "आई, विकून टाक ना त्याले, काय कामाचा हाये?" मैनाबाई म्हणायची, "तू तरी काय कामाचा हायेस? तुले इकलं काय म्या?" आणि पोरगा हसून दुसरं काही विचारायचा.

आता भावाचं. चार दिवसांमागं अकोल्याचा देवराव येऊन गेला होता. लग्नात नाचायला घोड्या देणारा माणूस, घोड्याचं त्याला सगळं कळतं. त्यानं शिंगराचं तोंड उघडून दात बघितले, पायांवरून हात फिरवला, आणि डाव्या डोळ्यापाशी येऊन थांबला. तिथं केसांचा एक भोवरा होता. बराच वेळ त्यानं मान वाकडी करून तो बघितला.

"मले वाटलं आसूढाळ हाये," तो म्हणाला. "पण नाई. वर हाये."

"म्हंजे?" मैनाबाईनं विचारलं.

"डोळ्याच्या खाली भोवरा असला, जिथून आसू ओघळते तिथं, त्याले आसूढाळ म्हणतेत. तसा घोडा कोणी दारात बांधत नाई. धन्याच्या घरात रडारड आणते म्हणे. याचा बोटभर वर हाये, याचं काई नाई." मग पाठीवर थाप मारून म्हणाला, "कोरा हाये, काईच शिकेल नाई. शिकेल असता तर अडीच लाख कोणीबी देल्ले असते. कोऱ्याचे मी एक चाळीस देतो. याच्यापेक्षा कमी कोणी म्हटलं तर तो तुमाले फसवून राहिला, अन् जास्त म्हटलं तर तो येडा हाये."

देवराव गेला आणि नवरा-बायको आपापल्या जागी बसून राहिले. एक लाख चाळीस हजार. अर्धे सत्तर. मैनाबाईनं बकऱ्या विकून आणि कुठं कुठं डब्यात टाकून जमवले होते ते पस्तीस. याच्यावर घरात काही निघत नव्हतं, आणि कर्ज काढून घोडा ठेवायचा विचार खुशालरावांच्या डोक्यात शिरला असता तर मैनाबाईनंच तो बाहेर काढला असता.

शेवटी आदल्या रात्री खुशालरावांनी रस्ता काढला. ते माणूस वाईट नव्हते. बायको चार दिवस जेवत नाही हे ज्याला दिसतं, त्याच्या डोक्यात असे रस्ते येतात.

"साठ बोल," ते म्हणाले. "तीस त्याईले देऊ. आपल्यापाशी हायेत."

"अन् साठ आयकून त्याईनं उचलला तं? एवढा सवंग घोडा कोण सोडन?"

"नाई उचलत. भोवरा दाखव त्याईले. म्हण आसूढाळ हाये. वकिलीणबाईले काय समजते, वर हाये का खाली हाये?"

मैनाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. "त्या बाईचा नवरा मेला तवा हे पोटात होतं," ती म्हणाली. "अन् म्या तिले सांगू का हे रडारड आणते?"

खुशालरावांनी मान खाली घातली. आणि तशीच ठेवून म्हणाले, "मंग नेऊ दे त्याईले, इकू दे देवरावले. नाचू दे वरातीत. बॅण्ड वाजन कानापाशी."

हे मात्र तिच्या काळजात शिरलं. शिंगरू फटाक्याला भ्यायचं. दिवाळीत तिनं त्याचे कान हातानं झाकून धरले होते. अख्ख्या गावानं तिला त्यावरून चिडवलं होतं, आणि तिनं धरलेले कान सोडले नव्हते. तेव्हा ती मनात म्हणाली, साठ. साठच बोलायचं, आणि भोवराही दाखवायचा. एवढा मोठा बंगला आहे वकिलीणबाईचा, तिला काय कमी आहे? तिनं कधी येऊन बघितलं तरी का, जगलं का मेलं? दूध मी पाजलं. राती मी जागले. असं सगळं ती मनात म्हणून बघत होती, आणि प्रत्येक गोष्ट खरी होती, तरी एकीचाही आधार पुरत नव्हता.

बटई तोडायला बोलावलेल्या चारुशीलाबाई अकराच्या सुमारास आल्या. भाड्याची गाडी, फिक्कट निळी साडी, हातात पर्स आणि पेढ्यांचा पुडा. मैनाबाईला त्या आठवत होत्या त्यापेक्षा लहान दिसल्या, जणू माणूस धुतल्यावर आटून गेलं असावं. आल्या आल्या त्यांनी खुशालरावांच्या गुडघ्यांची चौकशी केली, अमोलची केली, आणि गोठ्याकडं पाठ करून बसल्या. बसल्या त्या बसल्याच. पाणी झालं, चहा झाला, यावेळी साखर टाकलेला. पुंजाजी पंच म्हणून आले होते, ऐकू कमी यायचं म्हणून सगळ्या जगाशी ओरडून बोलणारे. तेही आपलं सांगून थकले, की आमच्या काळात बटई अशी तुटायची आणि तशी तुटायची. वकिलीणबाई मान डोलवत होत्या आणि मागं वळून बघत नव्हत्या.

"पाहून तं घ्या जनावर," शेवटी मैनाबाईच म्हणाली.

"हो," चारुशीलाबाई म्हणाल्या. "तेच धीर करतेय."

मैनाबाईला हे उत्तर समजलं नाही. ती उठली आणि शिंगराला सोडून अंगणात घेऊन आली. त्यानं आधी तिच्या पदरात तोंड खुपसलं, मग पाहुणीकडे कान टवकारून बघितलं. चारुशीलाबाई उभ्या राहिल्या. हातभर लांब उभ्या राहून त्यांनी त्याला पायापासून मानेपर्यंत बघितलं, आणि त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला.

"अगदी तिच्यासारखा आहे," त्या म्हणाल्या. "मान तर तीच."

"आई पाहिली नाई त्यानं," मैनाबाई म्हणाली. "पण मान आणली."

मग चारुशीलाबाई जवळ आल्या. शिंगरानं त्यांची पर्स हुंगली. त्यांनी घाबरत घाबरत त्याच्या कपाळाला बोटं लावली, पट्ट्यावरून खाली आणली आणि डाव्या डोळ्यापाशी ती थांबली.

"हे केस असे फिरलेत, हे काय आहे?"

खुशालराव खोकले. खोकला आलेला नव्हता.

"भोवरा हाये," मैनाबाई म्हणाली.

"याला काही अर्थ असतो ना?" चारुशीलाबाईंचा आवाज एकदम खाली आला होता. इतका, की पुंजाजी कानामागं हात धरून पुढं सरकले. "मैनाबाई, मला खरं सांगा. हे गेले तेव्हा माझी नणंद सगळ्यांसमोर म्हणाली होती की घोडी पांढऱ्या पायाची, घोडीनं माणूस खाल्ला. मी शिकलेली बाई, मी असलं मानत नाही. पण त्या दिवसापासून मला त्या मुक्या जनावराचं तोंड बघवेना. म्हणून तर तशी घाईनं तुमच्याकडे दिली. आणि ती इथं मेली असं तुम्ही कळवलंत ना, तेव्हा मला रडू आलं नाही. सुटले असं वाटलं. नंतर त्याचीच जास्त लाज वाटायला लागली. या बाळात काही वाईट असेल तर सांगून टाका. निदान मला कळेल तरी."

 खुशालरावांनी आता खोकायचं सोडून जमिनीकडं बघायला सुरुवात केली होती.

मैनाबाईला तेव्हा काय वाटलं ते सांगायला हवं. तिला आधी राग आला, त्या नणंदेचा. एवढ्या गुणाच्या घोडीला, जिनं मरतामरता सुद्धा पिलाला चाटलं होतं, तिला माणूस खाणारी म्हणणारी ही कोण? मग तिला स्वतःचा राग आला, कारण आपण काल रात्रभर तेच वाक्य घोळवत होतो. आणि मग समोरच्या बाईची इतकी दया आली, की तिचा हात धरावा असं वाटलं. ती मोठ्या घरची म्हणून धरला नाही. पण तिची बोटं उचलून तिनं शिंगराच्या डोळ्यावर ठेवली, नीट, भोवऱ्यावर.

"इथं हात लावून पाहा," ती म्हणाली. "डोळ्याच्या वर हाये का खाली?"

"वर."

"वाईट असते ते खाली असते, आसू पडते तिथं. याचा वर हाये. अकोल्याचा घोडेवाला सोता मान वाकडी करून पाहून गेला. आन पांढऱ्या पायाचं म्हणाल, तं चारी पाय अन् कपाळ पांढरं असलं का त्याले पंचकल्याणी म्हणतेत. लोक शोधत फिरतेत असं जनावर. घोडीनं काई नाई केलं, बाई. वकीलसाहेबायचं आयुष्य तेवढंच होतं. ती तं त्याईले रोज खुशीत घरी आणून सोडत होती."

 चारुशीलाबाईंनी शिंगराच्या मानेला कपाळ टेकवलं आणि त्या रडल्या, अगदी आवाज करून, आपण परक्याच्या अंगणात आहोत याची पर्वा न करता. एरवी अनोळखी माणसाला झटकून देणारं ते शिंगरू जागचं हललं नाही. मैनाबाईनं शेवटी त्यांच्या पाठीवर हात ठेवलाच.

पुंजाजींना निम्मं ऐकू आलं होतं, पण रडणं दिसत होतं. त्यांनी बराच वेळ जाऊ दिला. मग घसा साफ करून ओरडले, "चला, बाई. दुपार व्हत चालली. ठेवा हात पाठीवर अन् बोला भाव."

मैनाबाईनं शिंगराच्या पाठीवर हात ठेवला. पाठ उन्हानं ऊन झाली होती. खुशालराव तिच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत साठ एवढाच शब्द होता. तो बोलणं अजूनही शक्य होतं. भोवऱ्याचं खरं सांगितलं म्हणून भावाचं खरं सांगावं असा काही कायदा नव्हता. साठ म्हटलं की तीस देऊन सुटका, आणि संध्याकाळी शिंगरू आपल्या जागी. तिनं तोंड उघडलं. पण ज्याला तिनं आत्ताच लोक शोधत फिरतात असं म्हटलं होतं, त्याच्याच कानापाशी उभं राहून त्याला अर्ध्याहून कमी म्हणायचं तिच्या जिभेला जमेना. आणि समोरची बाई नाक पुसत, तिच्या तोंडाकडं असा विश्वास टाकून बघत होती, की ती जे बोलेल तेच जगात खरं.

"एक लाख चाळीस," मैनाबाई म्हणाली.

खुशालराव मटकन ओट्यावर बसले.

"किती?" पुंजाजी.

"एक चाळीस. कोरा हाये म्हणून. शिकेल असता तं अडीच. देवराव घोडेवाला एवढेच देऊन राहिला, इचारून घ्या." आणि तिनं पाठीवरचा हात काढला.

चारुशीलाबाई गोंधळल्या. "मला वाटलं होतं पन्नास-साठ हजार असेल," त्या म्हणाल्या. "मी तर घरून ठरवून आले होते, की तुम्ही जे बोलाल त्याच्या अर्धे घ्यायचे आणि हा तुमच्याकडेच सोडायचा. मी याला कुठं ठेवणार? बंगला मी मागच्याच वर्षी सोडला. तिसऱ्या मजल्यावर राहते."

आता हे ऐकून कोणाचं काय झालं असेल, तुम्हीच बघा. साठ बोलली असती तर एव्हाना झालंच होतं सगळं. खुशालरावांनी कपाळाला हात लावला आणि तो तिथंच ठेवला. मैनाबाईनं मात्र त्यांच्याकडं बघितलं नाही. ती शिंगराच्या आयाळीत अडकलेली चाऱ्यातल्या कुटाराची काडी काढत होती, आणि ती निघत नव्हती, कारण तिला ती दिसतच नव्हती.

चारुशीलाबाईंनी आधी खुशालरावांकडं बघितलं, मग तिच्याकडं. वकिलाच्या घरात चाळीस वर्षं काढलेली बाई. समोरच्याच्या खिशात काय आहे आणि पोटात काय आहे, दोन्ही कळायला तिला वेळ लागला नाही.

"तुमच्याकडे सत्तर नाहीत," त्या हळूच म्हणाल्या.

"नाईत."

"मग कमी बोला ना. मी कुठं नाही म्हणतेय?"

"बोलेल भाव फिरत नाई," पुंजाजी ओरडले. हे त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

"मला अर्धे नकोतच मग. राहू दे तसाच."

"फुकट नको," मैनाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज कडक झाला. "तुमच्या धन्याचं जनावर हाये. फुकट ठेवलं तं मले त्याच्या तोंडाकडं पाहता येणार नाई. पैसे नाईत तं नाईत. तुमी उचला. चांगल्या माणसाले द्या म्हंजे झालं. बॅण्डवाल्याले नका देऊ, त्याले आवाजाचं भेव वाटते. अन् पोटावर हात लावला का लाथ मारते, पण गळ्याखाली खाजवलं का उभं राहते. हे तेवढं त्याईले सांगजा."

 चारुशीलाबाई उभ्याच होत्या. बराच वेळ त्या शिंगराच्या मानेकडं बघत राहिल्या. मग ताठ होऊन पुंजाजींकडे वळल्या आणि त्यांच्याइतक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "मी उचलला."

रीत म्हणजे रीत. मैनाबाई आत गेली, हळदकुंकू घेऊन आली, शिंगराच्या कपाळाला लावलं, आणि दोर चारुशीलाबाईंच्या हातात दिला. दोर देताना बोटं सुटत नव्हती, ती तिनं एकेक करून सोडवली. चारुशीलाबाईंनी दुसऱ्या हातानं पर्समधून चेकबुक काढलं, ओट्यावर ठेवून सत्तर हजारांचा चेक लिहिला आणि खुशालरावांना दिला. खुशालरावांनी तो असा धरला की जणू कोणाची मयतीची चिठ्ठी.

"झालं?" चारुशीलाबाईंनी पुंजाजींना विचारलं. "आता हा सगळा माझा?"

"सगळा तुमचा. शेपटीसकट."

"कुठं बांधायचा, काय खाऊ घालायचं, कोणी शिकवायचा, सगळं मी ठरवायचं?"

"धनी तुमी."

"मग ऐका." त्या मैनाबाईपुढं येऊन उभ्या राहिल्या. शिंगरू त्यांच्या आधीच तिच्यापाशी पोचलं होतं आणि त्यांनाच ओढत घेऊन आलं होतं. "हा इथंच बांधायचा. चाऱ्याचे पैसे दर महिन्याला मी पाठवीन. आता त्याला शिकवायला हवं, असा कोरा राहिला तर उद्या कोणाला तरी पाडेल. तो खर्चही माझा. पण माणूस तुम्ही शोधायचा, आणि तो मारणारा नसावा. शिकवताना तुम्ही तिथं उभं राहायचं. आणि मैनाबाई, मला विकायचा नाही हा. कधीच नाही. तुम्ही मला आज काय परत दिलंत ते तुम्हाला माहीत नाही. तीन वर्षं मला यांची आठवण काढायची म्हटलं की ती घोडी आडवी यायची. आता मला यांना घोडीवर बसलेलं बघता येईल."

 मैनाबाईला हे सगळं उलगडायला जरा वेळ लागला. घोडा गेला होता, पैसे आले होते आणि घोडा जागच्या जागी होता. अशी बटई तिनं काय, पुंजाजींनीही कधी बघितली नव्हती.

"पण मंग हे पैसे कायचे?" तिनं विचारलं. "घोडाबी माह्यापाशी अन् पैसेबी?"

"ते तुम्ही याला वाढवल्याचे. भाव तुम्हीच केलाय, मी नाही."

"म्या तं खरा भाव केला होता."

"म्हणूनच मी दिला."

खुशालरावांनी डोळे पुसले आणि उठून, पेढ्यांचा पुडा कोणी उघडलाच नव्हता तो उघडला. पहिला पेढा त्यांनी बायकोपुढं धरला. चार दिवस न जेवलेल्या बाईनं तो घेतला, अर्धा मोडून शिंगराला दिला आणि उरलेला तोंडात टाकला, आणि तोंडात पेढा असतानाच तिला रडू फुटलं. चारुशीलाबाईंनी तिच्या हातात दोर दिला.

निघताना त्या गाडीच्या दारापाशी थांबल्या. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं, अशा.

"मैनाबाई, मी मधून मधून आले तर चालेल? तुमच्या कामात अडथळा नाही करणार. नुसती बसेन याच्यापाशी."

मैनाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"कावून विचारता?" ती म्हणाली. "तुमचा घोडा हाये, बाई."